खळ्यावर उतरवलेला वारा

पुणे, ४ मार्च २०२५

ती. भिकुकाकीस,
कृ. सा. न.

फोन लावतो, पण तुझा आवाज आला की मी पिकापाण्याचंच बोलत बसतो. म्हणून हे पत्र. रुचिका वाचून दाखवेल.

त्या दिवशी कळसाडीत पान हलत नव्हतं. दादर ज्वारीचं खळं मळून पडलेलं, नि तू टोमणा मारलास की एवढा विमानांचा मास्तर, तर थोडा वारा आण. मी हुरळलो. फवारणीचा ड्रोन खळ्यावर आणून अधांतरी उभा केला. तू जन्मभर उपणतेस तशी वाऱ्याकडे पाठ करून उभी राहायला गेलीस. पण त्या वाऱ्याला पाठपोट नसतं, काकी. पाती यंत्राला वर धरतात ती हवा खाली ढकलूनच. आम्ही त्याला प्रेरित वेग म्हणतो. पात्यांपाशी असतो त्याच्या जवळपास दुप्पट तो खाली होतो, नि हवा जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. हे मी वर्गात आकृती काढून शिकवतो, आणि खळ्यावर विसरलो. तुझा मोतीबिंदू काढून वीसच दिवस झाले होते, तेही विसरलो. सगळा भुसा तुझ्या डोळ्यांत गेला.

गिरधरकाका नुसतं बरं आहे म्हणतात. डॉक्टर काय म्हणाले ते खरं कळव. हे शिकवणं सोडावंसं वाटतं. चुकलो, काकी.

आहे ती माया कमी करू नकोस.

तुझा,
भाग्येश

कळसाडी, १३ मार्च २०२५

चि. भाग्येश यास,
अ. उ. आ.

आई सांगतेय, मी रुचिका लिहितेय.

डोळा सुधारतोय. थोडी लाली आहे, तीही जाईल. दादर मात्र अशी स्वच्छ निघाली की गावात कुणाची नसेल. नोकरी सोडलीस तर घरात पाऊल ठेवू नकोस. जेवणाची हयगय करू नकोस. मन्हा तुन्हावर राग नही शे, हे तिने याच शब्दांत लिहायला लावलं. लोभ आहे, तो वाढू दे.

भिकुबाई

भाग्येश, वरचं तिने सांगितलं तसं लिहिलं. इथून पुढचं तिला वाचून दाखवणार नाही. जखम चिघळली. नाशिकला नेलं होतं. उजव्या डोळ्याने तिला आता दिसणार नाही. तुला कळलं तर तू शिकवणं सोडशील, म्हणून तिने आम्हा सगळ्यांना शपथ घातली. तू खरं विचारलंस, म्हणून मी ती मोडली. सोडू नकोस. पोरांना खळ्यावरचं सांग.

आई म्हणाली, शेवटी दोघींचा लोभ लिही. तिचा लिहिलाय. माझा अजून लिहवत नाही.

रुचिका