कशाला हो म्हणालो, ते कळवणे

तीर्थस्वरूप मामांस,

परदेशी भाच्याचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? आम्ही इथे खुशाल आहोत. घरातलं इंटरनेट तेवढं अंथरुणाला खिळलं आहे आणि त्याच्यापायी माझा जीव टांगणीला लागला आहे. फोन न करता पत्र लिहितोय, राग मानू नका. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि मला आमच्या इंटरनेटवर, तेव्हा आपल्या दोघांत कागदच काय तो धडधाकट.

या इंटरनेटचा स्वभाव रुसक्या जावयासारखा आहे. कधी येईल सांगता येत नाही, आणि आलं तरी बाहेरच्या खोलीत बसत नाही. ते येतं बाथरूमच्या दारापाशी, तेही फोन वॉशिंग मशीनवर ठेवला तर. (मशीन चालू असेल तर तिकडे तुम्ही सगळे थरथरता. म्हणून आम्ही धुणं आणि नातेवाईक यांचे वार वेगळे ठेवले आहेत.) कंपनीचा माणूस आला की इंटरनेटच्या डबीवरचा दिवा लगेच हिरवा होतो, दवाखान्याच्या पायरीवर पोराचा ताप उतरावा तसा. तो माझ्याकडे संशयाने बघतो आणि जातो. तो जिना उतरेपर्यंत दिवा पुन्हा लाल. कंपनीला फोन करावा तर एक बाई गोड आवाजात सांगते की तुमची तक्रार आमच्यासाठी फार मोलाची आहे. (इतकी मोलाची, की त्यांनी ती अजून जपूनच ठेवली आहे.)

आता मुद्द्यावर येण्याचं धाडस करतो. गेल्या रविवारी तुम्ही सगळे दादाकडे जमला होतात. तिकडे दादा, वहिनी, आई आणि मधोमध तुम्ही. इकडे मी आणि वॉशिंग मशीन. दादाची बदली झाली, ते दोघं गेल्यावर आईने कुठे राहायचं, हा विषय. एवढं कळलं, पुढचं काही कळलं नाही. चेहरे थिजत होते, आवाज तुकड्यातुकड्यांनी येत होता. आपल्या घरात थोरांना 'काय म्हणालात?' असं फार तर दोनदा विचारता येतं. तिसऱ्यांदा विचारलं की तुम्हीच 'राहू दे, राहू दे' म्हणून तोंड फिरवता. म्हणून मी मान डोलावत 'हो हो' म्हणत राहिलो. मग आईने मला थेट काहीतरी विचारलं. त्यातलं 'खोली', 'एकटी' आणि 'चालेल ना रे?' एवढंच माझ्यापर्यंत पोचलं. मी जोरात म्हणालो, "हो हो, चालेल की! त्यात विचारायचं काय?" आईने डोळ्यांना पदर लावला. आणि इकडे दिवा लाल.

तेव्हापासून मला घास गोड लागत नाही. मी कशाला हो म्हणालो? आईला एखाद्या वृद्धाश्रमात खोली घ्यायला? की त्या घरात एकटीने राहायला? ऑफिसातून दादाला फोन केला, तर तो म्हणाला, "तू हो म्हणालास आणि डोक्यावरचं ओझं उतरलं बघ. मी धावपळ सुरूही केलीय." यावर 'कशाची धावपळ?' हे कुठल्या तोंडाने विचारू? आईला फोन केला, तर ती नुसतं "शहाणा आहेस" म्हणाली. (रागावली तरी ती हेच म्हणते.) ही म्हणते, सरळ विचारून टाका. तिचं माहेर सरळ आहे. मला भीती वाटते मामा, खरंच वाटते. माझ्या एका 'हो'पायी आईची पिशवी कुठल्या दारात नेऊन ठेवली जाणार आहे, ते उलट टपाली कळवा.

आपला,
होयबा भाचा

ता. क. : ऑफिसात पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात दादाचा फोन आला. आईचा पासपोर्ट 'तत्काळ'मधून तयार झाला म्हणे. वृद्धाश्रमाला पासपोर्ट लागत नाही, एवढं मलाही कळतं. मग त्याच्याच बोलण्यातून उलगडलं, त्या दिवशी तिने विचारलं होतं, "तुझ्याकडच्या लहान खोलीत येऊन राहू का? इथे एकटी नको वाटतं. चालेल ना रे?" आणि फोन लावण्याआधी ती तुम्हा सगळ्यांना म्हणाली होती म्हणे, "तो 'बघू' म्हणेल. त्याला कोणी बोलू नका."

आणखी एक ता. क. : मामा, नीट ऐकू आलं असतं तर मी 'बघू'च म्हणालो असतो. कोणाला तरी हे सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही, म्हणून पत्र टाकतोय. तुमच्या पोटात ठेवा. आईने विचारलं तर सांगा, त्याला पहिल्याच वेळी सगळं लख्ख ऐकू गेलं होतं.