शनीची कडी आणि तुमचा आरसा

ती. मामा,

भाच्याचा वाकून (नेहमीपेक्षा जरा जास्तच वाकून) नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला? रक्तदाब तपासलात का? नसेल तर हे पत्र बाजूला ठेवा, आधी तपासून या, मग सावकाश वाचा. आम्ही सगळे मजेत. तुमची दुर्बीणही मजेत, म्हणजे तिची नळी आणि तिवई अगदी ठणठणीत आहेत.

'आकाश ही कपाटात ठेवायची वस्तू नाही, चार लोकांना दाखव' असं म्हणून तुम्ही ती मला दिलीत. तिच्या आतल्या आरशाला मात्र बोट लावायचं नाही, आठ महिने स्वतःच्या हातानं काच घासून केलाय, असंही बजावलंत. (मी विसरलो नव्हतो, हे आधीच नमूद करतो.) तर गेल्या शनिवारी दिवेलागणीनंतर मी ती लाँड्रीसमोरच्या मोकळ्या जागेत मांडली. आम्ही नळदुरुस्तीवाले, घरात गळती लागली तरच लोकांना आमची आठवण. त्या दिवशी मात्र रांग लागली! कुणाला शनी 'एवढासाच?' वाटला, कुणी चष्मा आणायला घरी पळालं, आणि एका निवृत्त बाईंनी ती कडी मूळचीच आहे की नंतर बसवली, अशी चौकशी केली.

लाँड्रीवाला काही बधेना. "नळीत चित्र चिकटवलंय," असं तो सगळ्यांना सांगत सुटला. मी त्याला डोळा लावून नुसतं उभं राहायला सांगितलं. पृथ्वी फिरते, त्यामुळे शनी सरकत सरकत मिनिटभरात दिसेनासा झाला. चिकटवलेलं चित्र असं निघून जात नाही. मामा, तो माणूस तसाच दुकानात गेला. इस्त्री बंद केली आणि बायकोला हाताला धरून घेऊन आला. मला भरून आलं, खोटं कशाला सांगू.

तिथेच थांबायला हवं होतं. पण "आत असतं तरी काय?" असं कुणीतरी विचारलं, आणि आमचा पाना खिशातच! तीन बोल्ट काढले आणि आरसा रांगेतून फिरवला. त्यात आपलं नाक भोपळ्याएवढं दिसतं हे कळल्यावर शनीला कोण विचारतो? एकानं तर दाढा तपासून घेतल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आरसा परत आला तेव्हा त्यावर अख्ख्या गल्लीच्या बोटांचे ठसे होते.

पुढचं लिहायला हात धजत नाही. सकाळी सासूबाईंनी (डाग दिसला की त्यांना राहवत नाही, तुम्ही जाणताच) तो तोट्या चकचकीत करायच्या पावडरीनं घासला. आता तो स्वच्छ आहे. इतका, की वरचा चकाकता मुलामाही गेला आणि काचेतून आरपार दिसतं.

तुमचा आज्ञाधारक,
भाचा

ता. क. येत्या शनिवारी लाँड्रीवाल्यानं दुकान लवकर बंद करून साठेक माणसं बोलावली आहेत. तेव्हा शुक्रवारीच या, आणि तुमचा तो दुसरा आरसा, जो तुम्ही कुणाच्या हाती देत नाही, तो घेऊन या.

ता. क. २ पत्र पाकिटात घालण्याआधी सासूबाईंना वाचून दाखवलं, ही चूक झाली. त्यांच्या आग्रहावरून कळवतो की आरसा मीच घासला. "जावईबापू, आधी मामांना विचारा," असं त्या मागे उभ्या राहून तीनदा म्हणाल्या होत्या. मामा, तुमचे आठ महिने मी दहा मिनिटांत घालवले. माफ करा.

ता. क. ३ तुमचा तो दुसरा आरसा सासूबाई स्वतः सांभाळणार आहेत. मलाही शनी बघायला मिळेल, असं त्यांनी कबूल केलंय. रांगेत, सगळ्यांत शेवटी.