जमिनीवरची भूमिती

कल्याण, १४ जून १८९२
शाळेला जोडलेल्या सुतारकामाच्या वर्गाला गणित-भूमिती शिकवणं माझ्या गळ्यात पडलं. बारा पोरं, बहुतेक कोपर-ठाकुर्लीकडची. रंध्यावर हात वाकबगार, पाटीशी उभा दावा. हेडमास्तर म्हणाले, "रंधा मारणाऱ्यांना भूमिती कशाला हो?"

२ डिसेंबर
वार्षिक परीक्षा, शाळा तपासणारे डेप्युटीसाहेब हजर. प्रश्न: सहा फुटी दाराची आकृती काढा, एका फुटाला एक इंच. कागद कोरे! बाराही जण भुईवर, खडूनं अख्खं सहा फुटी दार आखताहेत. सुतार आखतो ते खऱ्या मापानंच, त्यांचं तरी काय चुकलं? मिठागरवाल्यांचा धर्मा उलट मलाच विचारतो, "मास्तर, यवढ्या दारातून मानूस जाल कसा?" बाराही नापास. साहेबांचा शेरा: पुढल्या वर्षी निम्मे पास न झाल्यास वर्ग बंद. रागानं जेवलो नाही.

५ डिसेंबर
मूर्ख मीच! आज भुईवरच आखायला लावलं. मग त्याचं निम्मं, त्याचंही निम्मं, आणखी एकदा निम्मं. दार पाटीवर मावलं. धर्मा म्हणाला, "म्हंजी दार तेच, आपून लांबशी बघताव." अरे शाब्बास! पंधरा वर्षं शिकवतोय, मला असं सांगता आलं नव्हतं.

९ मार्च १८९३
चौघांना जमतंय, बाकीचे अपूर्णांकांत रुतलेत. धर्मा महिनाभर गायब. कोपरला चालत गेलो. त्याचा बाप मिठाच्या ढिगापाशी उभा. "ऊन हाय तवर मीठ. उन्हाला सुट्टी नाय, मास्तर." मीही हटलो नाही, अर्धा दिवस तरी सोडा म्हटलं. कबूल झाला.

२० ऑगस्ट
जमणारे आठ झाले. आता एकमेकांची मापं तपासतात, भांडतात. काल फळ्यावरची माझी चूक धर्मानं धरली. आधी भडकलो. घरी येऊन सौ.ला सांगताना हसू आवरेना.

४ डिसेंबर
अकरा पास! अकरा! शाळेच्या इंग्रजी वर्गालाही भूमितीचे तेच प्रश्न होते. धर्मा त्यांच्या पहिल्या नंबराच्याही वर. हेडमास्तरांनी गुणांची यादी दोनदा तपासली. पोरांनी मला खांद्यावर घेतलं, पागोटं खाली पडलं. पडेना का!

११ डिसेंबर
डेप्युटीसाहेबांचं पत्र. वर्ग कायम. जिंकलो! खाली आणखी दोन ओळी: असा शिक्षक सुतारवर्गात वाया जातो, सबब ठाण्याच्या हायस्कुलात बढतीवर नेमणूक, मान्य असल्यास तीन दिवसांत कळवावे. माझ्या जागी कोण, त्याचा उल्लेख नाही. नापास राहिलेला बारावा, गोविंदा, सकाळीच पाटी घेऊन दारात आला होता. "उद्यापासून परत सुरू ना, मास्तर?"

सौ. आळीत पेढे वाटायला निघाली. म्हटलं, थांब गं जरा.