रोजच्या एवढीच

मु. बोरखेडी, पो. तळेगाव (श्यामजी पंत)
रविवार, ता. १९ डिसेंबर १९५४

ती. सौ. कमलाताई यांचे चरणी डोमाजीचा नमस्कार.

आज शाळेला सुटी. सकाळी अंगण झाडले, पाणी भरले. बायजाची झबली धुऊन वाळत घातली. ती धुतलेलीच होती, पण पेटीत ठेवण्याआधी एकदा धुवावी असे वाटले. दुपारी गावाच्या खालच्या अंगाला जाऊन आलो, पण जिच्यासाठी गेलो ती भेटली नाही. आता पाच वाजत आले आहेत. ओसरीत बसून लिहीत आहे. थंडी बरीच पडली आहे. वर्ध्याला तुमच्याकडे सर्व खुशाल असतील. तुमचा खोकला कमी झाला का ते कळवावे.

तुमच्या यजमानांनी, प्रभाकररावांनी, पाठवलेला जबानीचा कागद शुक्रवारच्या टपालाने मिळाला. मजकूर व्यवस्थित आहे, कचेरीतल्या माणसाच्या हातचा आहे हे दिसते. तानाबाई नावाच्या बाईला मी मुलगी सांभाळायला ठेवले होते, तिने ता. ९ रोजी माझ्या नकळत मुलीला अफू दिली आणि त्याने मुलगी दगावली, असे त्यात आहे. खाली माझ्या सहीची जागा सोडली आहे. बुधवारी ते स्वतः येऊन मला आर्वीच्या ठाण्यात नेणार, असेही कळवले आहे. त्यांना रजा काढावी लागेल. एवढे ते माझ्यासाठी करतात.

तो कागद या पत्रासोबत परत पाठवत आहे. सही केलेली नाही. का केली नाही हे लिहायला शुक्रवारपासून दोनदा बसलो आणि दोन्ही वेळा लिहिलेले फाडले.

रुखमा गेली तेव्हा बायजा बावीस दिवसांची होती. तेराव्याला तुम्ही, तिची थोरली बहीण, मला परसात बोलावून म्हणालात, "मास्तर, पोरगी मले द्या. तुमच्यानं होणार नाई." मी नाही म्हटले. होईल सगळे, असे काहीतरी बोललो. खरे कारण तेव्हा सांगितले नाही. शाळेतून आल्यावर घरात कोणीतरी असावे, एवढेच कारण होते. मुलीसाठी काय चांगले, हा विचार मी केला नव्हता.

मागच्या पत्रांत मी तुम्हाला नेहमी लिहीत आलो की मुलीची व्यवस्था लागली आहे. तशी ती कधीच नीट लागली नव्हती.

शेजारच्या सखूने दिवाळीपर्यंत सांभाळले. मग वेचणी सुरू झाली. एके सकाळी ती दारात उभी राहिली, कमरेला कापसाची ओटी बांधलेली. म्हणाली, "मास्तर, समदं गाव वावरात हाय. मी येकलीच काऊन पाळणा हालवत बसू? मले का तुमी लुगडं घेऊन देणार हाय?" रागावण्यासारखे काही नव्हते. वेचणीच्या दिवसांत या गावात घरी बसलेली धडधाकट बाई सापडत नाही.

मग आनंदाबाई. ती म्हातारी, दुपारी तिचा डोळा लागायचा. दोनदा शाळेत मला रडणे ऐकू आले आणि मी मुलांना पाढे म्हणायला लावून घरी धावलो. तिसऱ्यांदा बायजा रांगत चुलीपाशी पोचलेली होती. मी बोललो तर म्हातारी म्हणाली, "सात लेकरं वाढवली म्या. मले नोको शिकवू, तुयी शाळा तिकडं." दोन दिवसांनी ती न सांगता लेकीच्या बाळंतपणाला निघून गेली. मी सकाळी तिच्या दारात मुलीला घेऊन उभा, आणि दाराला कुलूप.

पुढचे काही दिवस रुखमाच्या लुगड्याची झोळी करून शाळेतच टांगली. नेमके त्याच आठवड्यात डिप्टीसाहेब अचानक तपासणीला आले. वर्गात मूल आणू नये असा शेरा त्यांनी बुकात लिहिला आणि ता. ९ ला पुन्हा येऊन पाहीन असे सांगून गेले. एकशिक्षकी शाळा, साहेबांनी मनात आणले तर बदली कुठेही होते. रात्री कंदिलापुढे तो शेरा पुन्हा पुन्हा वाचला. तेव्हा तुम्हाला पत्र लिहायला हवे होते. पोस्टकार्ड काढलेही होते. त्यावर शेवटी थंडी आणि बाजारभावच लिहिले.

तानाबाई त्यानंतर आली. गोंडांच्या वस्तीतली, एकटी. तिचा डावा पाय लहानपणापासून अधू, म्हणून वेचणीला तिला कोणी नेत नाही. पहिल्या दिवशी बायजाने आकांत मांडला तर ती म्हणाली, "हे पोरगी हाय का शाळंची घंटी, मास्तर? बरोब्बर दहाले वाजते!" रुखमा गेल्यानंतर त्या दिवशी मी पहिल्यांदा हसलो. ती तिच्या भाषेत काही गुणगुणायची. मला अर्थ कळत नसे, पण बायजा टाळ्या वाजवायची. शेळीची धारही तीच काढायची. तीन आठवड्यांत तिने एकही दिवस चुकवला नाही. हे मी मुद्दाम लिहितो, कारण कागदात ती बेभरवशाची होती असे लिहिले आहे. जेवढ्या बाया मी ठेवल्या त्यांत भरवशाची तीच एक होती.

अफूचे मला पहिल्याच आठवड्यात कळले. तिच्याजवळ आगपेटीत पुडी असे. मी शिकलेला माणूस, तिला बरेच बोललो. तिने ऐकून घेतले. मग म्हणाली, "दात येऊन राह्यले तिले. मोहरीयेवढी देतो, अकराच्या टायमाले, दुधात. गावात समद्या लेकरायले देतेत, तुमाले काय मालूम नाई? नोको म्हणान तर नाई देत. पण मंग रडली तर शाळंतून पयत नोका येऊ."

दोन दिवस तिने दिली नाही. दोन्ही दिवस रडणे शाळेपर्यंत येत होते. तिसऱ्या दिवशी मीच म्हणालो, दे. पण आगपेटी माझ्या कोनाड्यात ठेवायची आणि दिवसातून एकदाच द्यायची. मी त्याला नियम घालून दिला, म्हणजे ते बरोबर झाले असे मला वाटले. तेव्हा 'माझ्या नकळत' हे शब्द खरे नाहीत. पण सही न करण्याचे कारण एवढेच असते तर ते दोन शब्द खोडून मी सही केली असती.

ता. ९ च्या आदल्या रात्री बायजा झोपली नाही. हिरड्या सुजल्या होत्या. सकाळी मी धुतलेले धोतर नेसून तयार होतो. तानाबाई नऊला येत असे. साडेनऊ झाले, आली नाही. मला वाटले, हीसुद्धा गेली. सखूचे दार, आनंदाबाईचे कुलूप, सगळे डोळ्यांपुढे आले. साहेब साडेदहाला येणार. बायजा कडेवर, रडून लाल झालेली. आज झोळी नकाशांच्या खोलीत बांधू, निजलेली राहिली तर कोणाला कळणार नाही, असे मनात आले.

कोनाड्यातली आगपेटी मी काढली. दुधात बोट बुडवून मी दिली. मोहरीएवढी होती की मोठी, ते मला सांगता येत नाही. मी ते कधी केले नव्हते.

ती निजली. तिला उचलून दारात आलो तर तानाबाई धापा टाकत समोर. पायात काटा मोडला होता, नाल्यात बसून काढत होती म्हणाली. तिने बायजाला माझ्याकडून घेतले आणि विचारले, "आज निजली कशी वो इतक्या लवकर?"

मी म्हणालो, "रात्रभर जागली, म्हणून."

एवढेच बोललो. रात्रभर जागली हे खरेच होते. एकदाच द्यायची असा नियम मीच केला होता, तिला मीच रागावलो होतो. तिच्यापुढे ते सांगायला जीभ रेटली नाही. मनात म्हटले, निजलेल्या मुलीला ती कशाला देईल. आणि शाळेला निघालो.

अकराच्या सुमारास बायजा जराशी चाळवली आणि कण्हली, असे तिने नंतर सांगितले. तानाबाईने रोजच्याप्रमाणे दिली.

तपासणी चांगली झाली. साहेबांनी शेरेबुकात लिहिले आहे, "वर्गात शांतता उत्तम." ते बुक शाळेच्या कपाटात आहे. रोज कपाट उघडावे लागते.

चारला घरी आलो. तानाबाई दारातच होती. "मास्तर, पोरगी उठत काऊन नाई?" श्वास होता, पण फार लांब लांब. रूपराव पाटलांनी छकडा जुंपून दिला. तळेगावच्या दवाखान्यापर्यंत आम्ही पोचलो नाही. वाटेत गाडीच्या मागे तानाबाई लंगडत धावत होती. तिला कोणी गाडीत घेतले नाही. मीही घेतले नाही.

दुसऱ्या दिवशी चावडीवर तिला बोलावले. पाटलांनी विचारले तेव्हा तिने काही लपवले नाही. म्हणाली, "म्या देल्ली. पण रोजच्या येवढीच देल्ली. मास्तर, तुमी सांगा ना यायले, रोजच्या येवढीच." सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी मान खाली घातली. लोकांना ते दुःख वाटले. मग ती माझ्याजवळ येऊन जमिनीवर बसली आणि हळू आवाजात विचारले, "मंग मायाच हातानं गेली का वो ते?"

ताई, मी तेव्हाही बोललो नाही.

त्याच संध्याकाळी चारदोन जणांनी तिच्या झोपडीचे छप्पर ओढून पाडले. ती रात्रीच कुठेतरी निघून गेली. आज दुपारी मी तिथेच गेलो होतो. भिंती आहेत. चुलीत कुत्रे बसले होते. वस्तीत विचारले तर कोणी माझ्याशी बोलेना. शेवटी एका म्हाताऱ्याने सांगितले की ती भावाकडे आहे, कारंज्याच्या बाजूला.

काल पाटलांकडे जाऊन मी खरे ते सांगितले होते. ते सुपारी कातरत होते. म्हणाले, "मास्तर, दुःखानं डोस्कं फिरलं तुमचं. बाईनं सोता कबूल केलं न? मंग तुमी कायले नसती भानगड घेता? नोकरी जाईन. गुपचूप राहा." मी पुन्हा पहिल्यापासून सांगितले. त्यांनी आत आवाज दिला, "मास्तरले च्या आणा वो." चहा आला, मी प्यालो आणि परत आलो. माझे म्हणणे कोणाला नको आहे. तानाबाईने केले हे सगळ्यांना सोपे आहे, आणि दहा दिवस ते मलाही सोपे होते.

प्रभाकररावांना सांगावे की बुधवारी मी ठाण्यात येईन, पण जबानी माझ्या हाताने लिहीन. त्यांना यायचे नसेल तर मी एकटा जाईन. त्याआधी उद्या शाळा सुटल्यावर तानाबाईच्या भावाच्या गावी जाणार आहे. ती काय म्हणेल ते माहीत नाही. तिने रोजच्या एवढीच दिली होती, हे तिला माझ्या तोंडून कळले पाहिजे. त्याने तिचे छप्पर परत येणार नाही हे मला कळते.

तुम्ही क्षमा करावी असे लिहीत नाही. तुम्ही मुलगी मागितली होती. मी दिली नाही, आणि मला ठेवताही आली नाही. रुखमाला मी काय सांगितले असते याचा विचार करतो, पण तो पुढे जात नाही.

एवढ्या लहान लेकराला दिवस नसतात म्हणे. दहावे नाही, तेरावे नाही. त्यामुळे करण्यासारखे काही उरलेले नाही.

पूर्वी पत्राच्या शेवटी बायजाकडून मावशीला नमस्कार लिहीत असे. आता या घरातून नमस्कार सांगायला दुसरे कोणी नाही. माझा एकट्याचा घ्यावा.

डोमाजी

ता. क. शेळी ओरडायला लागली म्हणून पत्र ठेवून धार काढून आलो. बायजासाठी घेतलेली शेळी, तिला विकावे असे अजून मनात येत नाही. माझ्या हाताला ती नीट उभी राहत नाही. दूध फडक्याने गाळले आणि तापवले. दहा दिवस ते परसात ओतत होतो. आज निवल्यावर वाटीत घेतले, आणि चुलीपाशी बसून मीच प्यालो. वाटी विसळून पालथी घातली आहे.