बोटीवर पंगत उठत नाही

सिंगापूर,
१७ मार्च २०१६

चि. द्वारकास,
दादाचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

आम्ही सुखरूप पोचलो. विश्वजित विमानतळावर आला होता. आपल्या आईला पाहून त्याचा चेहरा उतरला, पण लगेच हसला. सूनबाई मनस्विनीनं आम्हाला हवेशीर खोली दिली आहे, खिडकीतून झाडं दिसतात. औरंगाबादहून निघालो तेव्हा छावणीतल्या आमच्या बिल्डिंगची बोअर आटली होती, आणि इथं माळी भर दुपारी गवतावर पाणी मारतो. मला बघवत नाही. मी त्या खिडकीत बसत नाही.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि ही गोष्ट मला ओरडून सांगवत नाही, म्हणून पत्र. तुझ्या वहिनीचं विसरणं वाढलंय हे तुला ठाऊक आहेच. पण आता तिचं जेवण सुटलंय. पान वाढलं की हात मांडीवर ठेवून बसून राहते. भरवायला गेलं तर मान फिरवते, तीही रागानं नाही. परक्या घरी आग्रह नाकारावा तशी हसून. इथल्या डॉक्टरांनी घसा, पोट, दात सगळं तपासलं. काही सापडलं नाही. म्हणाले, हा त्या आजाराचाच भाग, प्रयत्न करत राहा.

विश्वजितनं प्रयत्न म्हणून काय काढलं ते वाचून तू हसशील. तो आम्हाला मोठ्या प्रवासी बोटीवर नेतोय. जाहिरातीचं गुळगुळीत पुस्तक आणून माझ्यापुढं ठेवलं. त्यात नाना देशांचं जेवण, दिवसभर, हवं तेव्हा, हवं तेवढं. आपलं शाकाहारीसुद्धा. त्याचं म्हणणं, इतक्या पदार्थांत एखादा तरी आईच्या मनात भरेल. तिला समुद्राचं काय कौतुक, असं म्हणणार होतो. पण पोरगा त्या चित्रांतल्या ताटांवर बोट ठेवून इतका आशेनं बोलत होता, की मला नाही म्हणवलं नाही.

तुझ्याकडं पाण्याचे काय हाल? गुडघ्याला जप. आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नको.

तुझा,
अनंत


सोयगाव,
२९ मार्च २०१६

तीर्थरूप दादास,
द्वारकाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. वाचून आधी हसले, व्हय, आणि मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

इथलं विचारलंस. टँकर एक दिवसाआड म्हणतात, येतो त्याच्या मनात येईल तेव्हा. शेजारची सरूबाई माझा ड्रम भरून ठेवते, तिला आवाज ऐकू येतो ना! परवा पुंडलिकच्या मुलीचं लग्न झालं. पंगतीत हात धुवायला पाण्याऐवजी कागदाचे रुमाल ठेवले होते. वऱ्हाडी रुसतील म्हणून पुंडलिक परेशान, पण कुणी हूं की चूं केलं नाही. त्यांच्या गावात याहून वाईट आहे म्हणे.

वहिनी दिवाळीत माझ्याकडं आली होती तेव्हा भरलं वांगं आवडीनं खाल्लं होतं. माझं नाव दोनदा चुकली, पण वांग्यात मीठ कमी आहे हे बरोबर सांगितलं. इतक्यात असं काय झालं? दादा, तिला आग्रह करू नको. आग्रहानं ती आणखी मागं सरते. मऊ भात, तूप, मेतकूट, एवढंच पुढं ठेव आणि बाजूला हो.

बोटीवरच्या जेवणाचं मला सगळं लिही. काय वाढतात, गरम असतं का, पोळी मऊ असते का. आणि एवढ्या खाऱ्या पाण्यात राहून प्यायला गोडं पाणी कुठून आणतात ते विचारून ठेव, आमच्या ग्रामसेवकाला सांगते. तू मात्र गोडावर तुटून पडू नको, तुझी साखर मला इथून दिसते.

वहिनीच्या केसांवरून माझा हात फिरव. लोभ आहेच, तो जपा.

द्वारका


बोटीवरून,
११ एप्रिल २०१६

चि. द्वारकास,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र सिंगापूरला उतरल्यावर टाकीन. बोट इतकी मोठी, की पाण्याकडं पाहिल्याशिवाय ती चालली आहे हे कळत नाही. जेवणाचं सगळं लिही म्हणालीस, लिहितो.

वरच्या मजल्यावर मोठा बफे. लोक ताट घेऊन फिरतात, बसतात, पुन्हा उठतात. आपलं जेवण एका कोपऱ्यात. इडलीच्या कडा वाळलेल्या, सांबार गोड. पोळ्या केव्हातरी भाजून वाफेच्या पेटीत रचलेल्या. वरची चिवट, खालची ओली. पनीर रोज असतं. रस्सा तोच, समोरच्या पाटीवर नाव तेवढं रोज नवं. मिठाया खेळण्यांसारख्या देखण्या आणि सगळ्यांची चव एकच, गोड फेसाची. खरं बोलायचं तर पाव उत्तम, टरबूज उत्तम, आणि मसुरीची आमटी मी मागून घेतली. खाली झुंबरांचा दिवाणखाना आहे, तिथं टेबलावर आणून वाढतात. ताट परातीएवढं, मधे दोन घास अन्न आणि भोवती चटणीची रेघ. तेही आधी शिजवून ठेवलेलं, ताजी असते ती फक्त मांडणी. हजारो माणसांचं रांधायचं म्हटल्यावर याहून वेगळं कसं व्हावं? मी स्वयंपाक्यांना बोल लावत नाही. गोडं पाणी समुद्राचंच करतात म्हणे, यंत्रानं. ग्रामसेवकाला आधी समुद्र आणायला सांग.

पहिल्या दिवशी तुझी वहिनी नुसती बसली. विश्वजितनं तिच्यापुढं आठ-दहा बशा आणून मांडल्या. ती प्रत्येकीकडं बघायची आणि हळूच त्याच्याकडं सरकवायची. दुसऱ्या दिवशी ती एकदम उठली, टेबलावरचा पाण्याचा जग उचलला आणि शेजारच्या टेबलांवर पेले भरत निघाली. लोक हसले, कुणी थँक्यू म्हणालं. मी मागं गेलो, तर मला विचारते, सगळ्यांची जेवणं झाली का? मी म्हटलं, झाली, चल. तिनं हॉलभर नजर फिरवली आणि माझ्याकडं असं पाहिलं, की मी खोटं बोलतोय हे तिला स्पष्ट दिसत होतं.

तेव्हा कुठं उलगडा झाला. ती पंगत उठायची वाट बघतेय, द्वारका. आणि इथली पंगत उठतच नाही. एक टेबल रिकामं झालं की दुसरे येऊन बसतात.

विश्वजितला सांगितलं. तो खाली जाऊन मुख्य माणसाला भेटला. माणूस भला. आम्हाला अगदी शेवटी बसवतो म्हणाला. डेहराडूनचा एक स्वयंपाकी आहे, त्यानं मुद्दाम खिचडी केली, तूप घालून, आपल्या घरी व्हावी तशी. हॉल रिकामा झाला. मला वाटलं, जमलं. वायान नावाचा बाली बेटावरचा वाढपी खिचडी घेऊन आला, तर वहिनीनं त्यालाच विचारलं, तू जेवलास का? विश्वजितनं त्याला खुणेनं हो म्हणायला सांगितलं. तो हो म्हणाला. पण मागं त्याच्यासारखेच कितीतरी जण टेबलं पुसत होते. वहिनीनं ताटली उचलून त्याच्यापुढं धरली आणि खुर्चीकडं बोट केलं.

तो पोरगा बसायला तयार होता गं. त्यानं मुख्य माणसाकडं पाहिलं. पाहुण्यांच्या टेबलावर नोकरांनी बसून खायचं नाही असा नियम आहे. मुख्य माणसानं हात जोडले, म्हणाला वरून कॅमेरा बघतो, माझ्या हातात असतं तर मीच बसलो असतो. वायान तसाच ताटली हातात धरून उभा राहिला. विश्वजित उठून बाहेर गेला. खिचडी निवली.

कुणाचंच काही चुकलं नाही, आणि ती उपाशी राहिली. आता उद्या उतरतो. मला काय करावं ते सुचत नाही. आठवण ठेव.

अनंत


सोयगाव,
२३ एप्रिल २०१६

तीर्थरूप दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र सरूबाईच्या ओट्यावर वाचलं. घरात एकटीला वाचवेना.

दादा, तुम्ही पुरुष माणसं हात धुवून बाहेर पानाचा डबा उघडायचात, तेव्हा आत आमचं सुरू व्हायचं. वहिनीनं आधी खाल्लेलं मी कधी पाहिलं नाही, अन एकटीनं खाल्लेलंही नाही. दार लोटायची, पाय लांब करायची, आणि माझ्याकडं बघून म्हणायची, चल, आता आपलं राज्य. मग गप्पा. तुझ्या नकलासुद्धा करायची, लई हुबेहूब. मला तर वाटतं, तिला खरी भूक तेव्हाच लागायची.

तर तिथं असं करून बघ. तुम्ही सगळे तिच्यासमोर आधी जेवा, रिकामी ताटं दाखवा, आणि मग मनस्विनीनं एकटीनं तिच्यासोबत बसावं. नाहीच जमलं तर तिला माझ्याकडं आण. ऊन आहे, पाणी नाही, सगळं कबूल. पण माझ्या घरात जेवायचं राहिलेलं दुसरं कुणीच नाही. हे गेले तेव्हापासून मीच पहिली आणि मीच शेवटची.

विश्वजितला रागावू नको. त्याला जे विकत मिळत होतं ते त्यानं आणलं. त्याला माझे आशीर्वाद, आणि तुम्हा दोघांना नमस्कार. उत्तराची वाट बघते.

द्वारका


सिंगापूर,
६ मे २०१६

चि. द्वारकास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू सांगितलंस तसं केलं. आम्ही आधी जेवलो, ताटं दाखवली. मनस्विनी तिच्याजवळ जमिनीवर बसली. तुझ्या वहिनीनं अर्धी भाकरी खाल्ली! विश्वजित दाराआडून बघत होता. पुढचे काही दिवस असंच चाललं. मनस्विनी ऑफिसातून धावत यायची. मी तुला आनंदाचं पत्र लिहायला घेतलं होतं.

मग तिनं विचारणं सोडलं. जेवणं झाली का, हेही आता विचारत नाही. ताटं दाखवली तर बघत नाही. ती वाट बघत होती तेव्हा निदान कशाची तरी वाट होती. आता पानापुढं बसलेली असते एवढंच. डॉक्टर नाकातून नळी घालायचं बोलतात, म्हणतात निर्णय घरच्यांनी घ्यायचा. विश्वजित म्हणतो घालू. मनस्विनी माझ्याकडं बघते. मी जन्मभर कचेरीत दुसऱ्यांच्या निर्णयांवर शिक्के मारले, मला हे येत नाही.

आम्ही येतोय, सरळ तुझ्याकडं. विश्वजितची रजा सगळी संपली. तिकिटं काढून दिली आणि मग आईच्या चपला पुसत बसला होता. आम्हाला सांभाळून घे.

अनंत


सोयगाव,
९ जून २०१६

चि. विश्वजित व सौ. मनस्विनी यांस,
आत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

दादा लिहायला बसतात आणि कागद तसाच ठेवून उठतात, म्हणून मी लिहिते.

आली त्या दिवशी तुझ्या आईनं मला ओळखलं नाही. पण स्वयंपाकघर ओळखलं. मी दादांना वाढून बाहेर पाठवलं, दार लोटलं. तिनं पाय लांब केले. भाकरी मोडली, मोठा तुकडा माझ्या ताटात ठेवला आणि जेवली. आठवडाभर जेवली रे. सरूबाई कौतुकानं ताकाचं भांडं आणून द्यायची. दादा दाराबाहेर बसून असायचे, आत आवाज आला की खुशीत खाकरायचे.

मग घास अडकू लागला. औरंगाबादला मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, आता गिळणंच विसरत चालल्या आहेत. नळी घातली तर दिवस वाढतील, माणूस परत येणार नाही. दादांनी मला विचारलं, तू सांग. मी म्हटलं, तूच सांग. नळी घातली नाही. हे बरोबर केलं की चूक, मला विचारू नको. तांदळाची पेज चमच्यानं देते. जाते तेवढी जाते.

काल तिनं खूप दिवसांनी तोंड उघडलं. मला ऐकू येत नाही, दादांनी सांगितलं. विचारत होती, बाळ जेवला का? दादा म्हणाले, जेवला. तिनं त्यांच्या तोंडाकडं पाहिलं, मग दाराकडं. तेव्हापासून दारावरची नजर काढत नाही, आणि चमचा पुढं नेला की ओठ मिटते.

तू येऊन तिच्यासमोर जेवलास म्हणजे ती खाईल, असं मी म्हणत नाही. मला माहीत नाही. मनस्विनी, तूही ये. रजा मिळेल तेव्हा या, असं आधी लिहिलं होतं. ते खोडलंय. आता या.

तुमची वाट बघणारी,
आत्या