पुढच्या कुंपणावरची गोधडी

तीर्थस्वरूप आई,

नमस्कार शेवटी करीन, आधी भांडते. तुमचं तेरावं नुकतं झालं, सुनेनं असं लिहू नये, कळतं मला. पण सासूबाई म्हणून तुम्ही समोर होता तेव्हा बोलायची सोय नव्हती. आणि उमरेडच्या तुमच्या धाकट्या बहिणीनं, मावशींनी, काल जे सांगितलं ते पोटात ठेवलं तर मलाच बाधेल.

आपल्या मंजूचं काय सांगू? आठ वर्षांची झाली, अजून अंथरूण ओलं करते. पाढा म्हणता म्हणता खारीमागे धावते, नळ सुरू ठेवून विसरते, शाळेतून एकाच पायात चप्पल घालून येते. तुम्ही म्हणायच्या, पोरीच्या अंगात वारं आहे. तिळगुळाचे लाडू झाले, संध्याकाळनंतर पाणी बंद झालं, रामटेकहून आणलेला गंडा झाला. नागपूरच्या मे महिन्यात लेकराला तहानलेलं झोपवायचं! गंडा तर तिनं आठवडाभरात कुठेतरी हरवलाच.

आणि ती गोधडी! रोज सकाळी तुम्ही ती पुढच्या कुंपणावर वाळत घालायच्या, शाळेत जाणाऱ्या पोरींना दिसेल अशी. लाज वाटली की आपोआप थांबेल, म्हणे. काय थांबलं, सांगा ना? मंजूचं बाहेर खेळायला जाणं थांबलं.

धरमपेठेतले डॉक्टर आठवतात? ते म्हणाले, मुलगी मुद्दाम करत नाही, चंचल मुलांत असं पुष्कळदा दिसतं, मोठी होईल तसं जाईल. मग त्यांनी विचारलं, घरात कुणाला लहानपणी असं होतं का? तुम्ही पदर सावरून म्हणालात, "आमच्या घराण्यात असलं काही नाही हो." झालं! दोष गेला माझ्या माहेराकडे. घरी येईपर्यंत मी मान वर केली नाही.

काल मावशी त्यांच्या नातीच्या लग्नाचं सांगत होत्या. मी म्हटलं, आम्ही येऊ, पण मंजूला आणत नाही, पाहुण्यांत शोभा नको. मावशी हसल्याच.

"त्यात काय वं? तुह्या नवऱ्याची मुंज काहून लांबली होती, माहीत आहे का तुले? गुरुबळ-बिरुबळ काही नव्हतं. घर पाहुण्यांनी भरलं अन् बटूनं अंथरूण भिजवलं तं कसं, म्हणून ताईनं पुढं ढकलली."

गुरुबळ! लग्न होऊन आल्यापासून ती गुरुबळाची कथा ऐकते आहे मी. आणि तुमचे चिरंजीव? ते बाजूलाच पेपर वाचत होते. पेपर जरा वर गेला, इतकंच. एवढी वर्षं पोर बोलणी खात होती आणि बापाच्या तोंडून ब्र नाही! संतापच येतो. कालपासून मी त्यांना भाजी वाढते, बोलत नाही.

पण मंजूनं सगळं ऐकलं होतं. हिचं कशात लक्ष नसतं म्हणतो ना आपण? ती सरळ बापासमोर जाऊन उभी राहिली.

"बाबा, तुमची गोधडी आजी कुठं वाळत घालायची?"

पेपर खाली आला. ते म्हणाले, "मागं, विहिरीजवळ. खाली माझी गोधडी, अन् वरून स्वतःचं लुगडं टाकायची. कोणाला दिसू नये म्हणून."

आई, म्हणजे तुम्हाला येत होतं की! लेकाची लाज लुगड्याखाली झाकलीत, मग नातीची वेशीवर काहून टांगलीत? आता कुणाला विचारू मी हे? तुम्ही असता तर आज कडकडून भांडले असते, आणि मग तुमच्याच हातचा चहा प्यायले असते. तेही राहिलं.

तुमचं जांभळं लुगडं मावशींना द्यायचं ठरलं होतं. ते मी दिलं नाही. उमरेडच्या लग्नाला मंजू बापाबरोबर जाईल, सोबत गोधडी जाईल आणि तुमचं लुगडंही. आणि इथं घरी उद्यापासून पोरीची गोधडी मागं, विहिरीजवळ वाळेल. वरून तुमचं लुगडं. हा माझा शब्द.

आता नमस्कार करते.

तुमची, अजून रागातच असलेली सून,
सुमन