काशीला सोडलेलं खरबूज

प्रिय वहिनी,

यंदा घरी आलं ते असं: खरबुजाच्या बियांचं एक पाकीट साठ रुपये, शेणखताची एक गोणी दीडशे रुपये. राख शेजारच्या बंबातली, फुकट. आणि आज सकाळी परसातून पहिलं खरबूज घरात आलं. त्यावरून दोन मतं झाली आहेत, ती तुम्हाला विचारल्याशिवाय मिटायची नाहीत. म्हणून लिहायला बसले.

उद्या तुमचं वर्षश्राद्ध. तुमची सून प्राची म्हणते, "काकू, आईंचा जीव त्या वेलांवर. त्यांच्या पानात फोड हवीच." गुरुजींना फोन केला तर ते म्हणाले, "काशीला सोडलेलं ना? मग पानात कसं वाढायचं?" प्राचीला हे नवीनच. तिला वाटायचं, तुम्हाला साखरेचा त्रास, म्हणून तुम्ही खात नाही.

मग तिला काशीची हकीकत सांगितली. आपण चौघं गेलो होतो. काशीला गेलं की आवडीचं एखादं फळ नाहीतर भाजी कायमची सोडून यायची. भाऊजींनी घाटावर डोळे मिटून, हात जोडून पडवळ सोडलं. लग्नापासून त्यांनी पडवळ तोंडाला लावलेलं नव्हतं. मी रामफळावर निभावलं. आणि तुम्ही म्हणालात, खरबूज.

"अहो वहिनी, दुसरं काही सोडा ना."

"नकोसं द्यायला देव काय भंगारवाला आहे का, सुमन?"

मला राग आला होता, आज सांगते. तुमचं माहेर गोदाकाठचं, वडील नदीच्या वाळूत खरबुजं लावायचे. सोडायचं तर तेच? आणि परत आल्यावर दुसऱ्याच वर्षी तुम्ही परसात बी लावलंत. खायचं नाही, पण पिकवायचं. हा कसला हट्ट होता तुमचा?

आपल्या परसाला ऊन ते किती! शेजारची इमारत उठल्यापासून शिवरात्रीनंतर कुठे ऊन आत येतं, आणि मृगाचा पाऊस लागला की वेल कुजतात. तेवढ्यात सगळं उरकायचं. संक्रांत झाली की तुम्ही बी कोमट पाण्यात भिजवून, फडक्यात बांधून फ्रिजच्या मागे उबेला ठेवायच्या. मोड आले की वर्तमानपत्राच्या द्रोणात लावायचं, आणि ऊन आलं की रोप द्रोणासकट जमिनीत. "मुळाला धक्का लागला की रुसून बसतं गं, तुझ्या नवऱ्यासारखं," म्हणायच्या. हे आतून ऐकत असायचे.

एका वेलावर दोनच फळं ठेवून बाकीची खुडायच्या, तेव्हा माझा जीव तुटायचा. "लागलेली फळं तोडता?" तर म्हणायच्या, "सगळी ठेवलीस तर पावसाच्या आत एकही गोड होणार नाही." पिकलेलं तुम्ही नुसत्या वासावर ओळखायच्या. पहिली फोड माझ्या हातावर ठेवायच्या आणि माझ्या तोंडाकडे बघत बसायच्या. खाताना किती अवघडायचं मला, कळत नव्हतं का तुम्हाला?

तुम्ही गेलात तेव्हा वेलांवर फळं धरलेली होती. तेराव्यापर्यंत परसात कोणी फिरकलं नाही. मी गेले तेव्हा वेल वाळून दोरीसारखे झाले होते.

यंदा सगळं मी केलं. पूजेची फुलं काढायला जायचे, तेव्हाच नराचं फूल तोडून मादीच्या फुलाला टेकवायचे. फळाखाली वीट ठेवली. गोडी भरावी म्हणून शेवटी पाणी तोडलं, ते फार जड गेलं. भर उन्हात वेल मान टाकतो आणि आपण बादली घेऊन नुसतं बघायचं. आज सकाळी देठाला भेग दिसली. हात लावला तर फळ ओंजळीतच आलं. वास पार रस्त्यापर्यंत.

भाऊजींना विचारलं, काय करू? म्हणाले, "मी पडवळवाला माणूस, मला काय विचारतेस. तिलाच विचार."

खरं सांगू? तुम्ही एकदा तरी ते खावं असं मला वाटतं. पण तुम्ही देवाला दिलेलं, तुमच्या माघारी, मी परत मागणारी कोण?

म्हणून असं ठरवलंय. उद्या गच्चीवर तुमचं पान ठेवीन. त्यात खीर, वडे, आमसुलाची चटणी. खरबूज पानात नाही. त्याची फोड पानाशेजारी, वेगळ्या द्रोणात. घ्यायची तर तुमची तुम्ही घ्या. वचन देते, द्रोणाला शिवला नाहीत तर तुमच्या नेमाबद्दल पुन्हा कधी तोंड उघडणार नाही. आणि शिवलात, तर गुरुजींना सांगणार नाही.

कावळ्याबरोबर उलट निरोप पाठवावा. ऊन कितीही तापलं तरी मी गच्चीतच बसून असेन.

तुमची धाकटी जाऊ,
सुमन